मॅटीवरचे बारा चौकोन : टाके, दोरे आणि गुंत्यांचा अनुभव धागा

उसवलेली
परवा माळा आवरायला काढला. आवरला नाही, ते सोडा. पत्र्याच्या ट्रंकेत गोधड्यांच्या तळाशी आईच्या शिवणक्लासची फाइल सापडली, १९७८ ची, वर शाईने माहेरचं आडनाव. आत मॅटीचा, म्हणजे धागे मोजता येतील अशा भरतकामाच्या कापडाचा, एक तुकडा, घडीवर पिवळा पडलेला, पेन्सिलीने आखलेले बारा चौकोन. धावदोरा, उलटी टीप, देठ टाका, साखळी, काजा, हेरिंगबोन... खाली बारीक अक्षरात नावं. अकरा भरलेत. बाराव्यात नुसतं 'कच्छी टाका' लिहिलंय आणि कोपऱ्यात सुई तशीच टोचलेली, गंजून कापडाला तांबडा डाग पडलाय.

साखळीच्या चौकोनात पहिल्या दोन ओळींतल्या कड्या बघून हसूच आलं, एक भाताच्या शिताएवढी तर शेजारची मसुरीएवढी. तिसऱ्या ओळीपासून मात्र एकदम हात बसलाय. माझी आई म्हणजे कुणीही भरतकाम दाखवलं की आधी "पाठ बघू" म्हणून उलटं करणारी बाई. म्हणून मीही तुकडा उलटा केला. पाठीला गुंताच गुंता!! इतका आनंद झाला म्हणून सांगू.

आता मीही अर्धा मीटर मॅटी आणून बारा चौकोन आखलेत. बुलियन टाक्याला दोऱ्याच्या वेटोळ्यात सुई अडकली ती पकडीने ओढून काढली, असं चाललंय. तुमचे नमुने, फसलेले प्रयोग, दोऱ्यांचे किस्से येऊ द्या.

फोडणीवाली
पहिली मी!! आत्ता कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते. बुलियनला सुई मिलिनर घे ग, तिचं नेढं दांडीइतकंच बारीक असतं म्हणून वेटोळ्यातून सुटून येते. नेहमीच्या भरतकामाच्या सुईचं नेढं फुगीर, तिथेच सगळं अडतं. मी हे कळायच्या आधी दोन वर्षं बुलियनचे गुलाब करणाऱ्या बायकांचा नुसता मत्सर केला. बाकीचं नंतर

गुळांबा
आमच्याकडे नमुना वगैरे नाही, थेट रुखवत. मोठ्या ताईच्या लग्नाला क्रॉस स्टिचची राजहंसाची जोडी करायला घेतली, हंस मोजून भरायचे हे कुणी सांगितलंच नाही, मी अंदाजाने भरले. एक हंस, एक बदक. ते बदक आजही ताईच्या हॉलमध्ये फ्रेममध्ये आहे आणि भाऊजी प्रत्येक पाहुण्याला दाखवतात.

उसवलेली
बदक 😂 फोटो हवा

सीमाभागातली
मी बेळगावची, त्यामुळे कसुतीवर, म्हणजे आमच्याकडच्या धागे मोजून करायच्या भरतकामावर, बोलल्याशिवाय राहवणार नाही. आजीच्या काळ्या इरकल साडीवर पदराला गोपुरं, हत्ती, तुळशीवृंदावन असं सगळं होतं आणि दोन्हीकडून सारखं. कसुतीत टाके चारच, गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. मेंथी म्हणजे आपला क्रॉस स्टिच. गवंती ऐकायला सोपी, धावदोरा घालत जायचं आणि परत येताना मधल्या मोकळ्या जागा भरायच्या. गाठ मारायची नाही, कारण उलटी बाजू असा प्रकारच नाही. पण फाटा लागला की त्या फाट्यावर जाऊन परत मूळ वाटेवर येऊन मगच पुढे जायचं असतं. मी मॅटीवर पहिला हत्ती काढला, सोंड झाली, पाठ झाली, शेपटी झाली, परत निघाले आणि बघते तर मागचा एक पाय राहिला. तिथे पोचायला वाटच उरली नव्हती! उसवावा लागला सगळा. आजी असती तर म्हणाली असती हत्तीला आधी चालता येऊ दे मग अंबारी ठेव. आता मी आधी चौकटीच्या कागदावर पेनने वाट काढते, पेन न उचलता. शाळेत असं कोडं असायचं तसं.

बारीकसारीक
@सीमाभागातली, इरकलीवर धागे मोजतेस? मला मॅटीवरचे दिसत नाहीत. पंचेचाळिशीनंतर सुई ओवायला लेकाला हाक मारते, तो दर वेळी पाच रुपये घेतो, मागच्या महिन्यात उधारी झाली

सीमाभागातली
छे, इरकलीवर एकदाच प्रयत्न केला आणि साडी परत घडी करून ठेवली. आधी मॅटी, मग बघू.

रिकामटेकडा
बाप्या चालेल का इथे? आमच्या शाळेत कार्यानुभवाला मुलांना बागकाम आणि मुलींना शिवण. नववीत बहिणीला कावीळ झाली, नमुना सोमवारी द्यायचा होता, सात टाके बाकी. तिने पडल्या पडल्या सांगायचं आणि मी करायचं. फ्रेंच नॉटने रडवलं, सुईला दोन वेढे दिले की गाठ सरळ आरपार पाठीमागे. शेवटी तिनेच सांगितलं की अरे गाढवा, सुई जिथून वर आली त्याच भोकात परत घालतोयस, एक-दोन धागे सोडून घाल आणि दुसऱ्या हाताने दोरा ताणून धर. मग जमलं. बाईंनी शेरा दिला 'सुबक'. बहिणीने तो आजतागायत माझ्या नावावर केलेला नाही, पण घरातली बटणं तेव्हापासून मीच लावतो.

फोडणीवाली
कुकर उतरवला. दादा तुम्ही सुबक आहात.
आता दोऱ्याबद्दल. लडी आठ मीटरची, सहा पदरी, आणि आपण उत्साहात सहाच्या सहा पदरांनी भरतो ना तिथेच वाट लागते. दोन किंवा तीन घ्या. आणि पदर एकेक करून वेगळा ओढायचा, तीन एकदम ओढले की खाली शेवयांची गुंतवळ. एकेक काढून परत जुळवले की टाका छान पसरून बसतो, विशेषतः साटीन टाक्याला. हातभर दोरा पुरे. सासूबाई म्हणायच्या, लांब दोरा घेते ती आळशी, उठायला नको म्हणून.

थंडीवाली
मी एडमंटनला असते, कॅनडा. भाचीसाठी दुपटं भरलं, कोपऱ्यांत हत्ती आणि पोपट. डिझाइन इस्त्रीने पुसल्या जाणाऱ्या पेनने काढलेलं, इस्त्री फिरवली, रेघा गायब, मी खूश. बॅग रात्रभर गाडीत राहिली, बाहेर उणे पंचवीस. बाळंतिणीकडे जाऊन दुपटं उलगडलं तर सगळ्या रेघा परत हजर!! मी टाका जिथे चुकवला होता तिथली खरी रेघसुद्धा. ती शाई उष्णतेने नुसती दिसेनाशी होते, गोठली की परत येते. तिथल्या तिथे हेअर ड्रायर मागितला, सगळ्यांना वाटलं बाळासाठी दुपटं गरम करतेय, किती ती माया.

बारीकसारीक
हाहाहा. आमच्या वेळी पेनं कुठली. ट्रेसिंग पेपरला सुईने टोचून टोचून भोकं पाडायची आणि रॉकेलमध्ये नीळ कालवून त्याचा बोळा वरून फिरवायचा, खाली ठिपक्या ठिपक्यांचं डिझाइन उमटायचं. कापडाला दोन दिवस स्टोव्हचा वास. मला अजून कुठे रॉकेलचा वास आला की लेझी डेझीचा टाका आठवतो

गुळांबा
रॉकेल! रेशनची रांग आठवली. आमच्याकडे डबा लावून आम्ही लगोऱ्या खेळायला जायचो, डबाच रांगेत उभा. सॉरी भरकटले.

टेम्सकाठी
वाचतेय पहिल्यापासून, ऑफिसात. ज्यांना सॅम्पलरचं, म्हणजे अशा टाक्यांच्या नमुन्यांचं, वेड आहे त्यांनी इथल्या, लंडनच्या व्ही अँड ए म्युझियमची साइट बघा, झूम करून टाके दिसतात. जेन बोस्टॉक नावाच्या बाईचा १५९८ चा आहे, तारीख घातलेला ब्रिटिश सॅम्पलर इतका जुना दुसरा माहीत नाही. वर कुत्रा, हरीण वगैरे आणि खाली ॲलिस ली नावाची मुलगी १५९६ साली २३ नोव्हेंबरला मंगळवारी दुपारी जन्मली असं भरलंय. म्हणजे बारशाची पत्रिकाच.
पण मला झोप लागू दिली नाही ती एलिझाबेथ पार्करच्या कापडाने, साधारण १८३० चं. चित्र नाही, वेलबुट्टी नाही. मालकांकडे काय काय सोसलं, जीव द्यावासा कसा वाटला, ते सगळं लाल रेशमाने बारीक क्रॉस स्टिचमध्ये ओळीमागून ओळ लिहिलंय. आणि वाक्य अर्धवट सोडून थांबलंय, खाली कापड कोरं. उसवलेलीच्या बाराव्या चौकोनाचं वाचलं आणि तेच आठवलं.

उसवलेली
अंगावर काटा. आज फोनवर विचारते आईला, का राहिला तो.

रिकामटेकडा
पुण्यात मॅटी कुठे मिळते हो? बहिणीला साठीला द्यायचा विचार आहे, बारा चौकोन, सगळे मी भरून.

बारीकसारीक
रविवार पेठेत बोहरी आळीत बघा, नाहीतर तुळशीबाग. लाल दोरा घेतलात तर आधी ओला करून पांढऱ्या टिपकागदावर दाबून बघा. मी पांढऱ्या टेबलक्लॉथवर लाल जास्वंदी भरल्या आणि पहिल्या धुण्यात सगळा क्लॉथ गुलाबी. वहिनी म्हणाली छान शेड आहे, कुठून आणला.

मायेची_ऊब
कच्छी टाका राहिला असेल तर नवल नाही, तो भल्याभल्यांचा राहतो. मी तीनदा फसले म्हणून सांगते. त्याचे दोन टप्पे. आधी हेरिंगबोनने सांगाडा घालायचा, मग दुसरा दोरा कापडात न टोचता नुसता त्या सांगाड्यातून विणत न्यायचा. सगळं मरण सांगाड्यात. दोरे जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे एकदा वरून, एकदा खालून गेलंच पाहिजे. एक जागा चुकली तर तेव्हा काहीच कळत नाही, वीस मिनिटांनी विणताना नेमकी तिथली वीण धरत नाही, दोरा मोकळा लोंबतो. आणि विणताना सुई उलटी धरायची, नेढ्याकडून घालायची, म्हणजे टोक खालच्या दोऱ्यात घुसत नाही. सांगाडा एका रंगात आणि वीण दुसऱ्या रंगात घ्या, पहिल्यांदा तरी, चूक लगेच दिसते. माझा तिसरा प्रयत्न पिवळा-जांभळा आहे, दिसायला भयंकर, पण अख्खा.

उसवलेली
बोलले आईशी. म्हटलं बारावा का रिकामा? तर म्हणते, "बाईंनी तो शिकवला त्या दिवशी मी गेलेच नाही क्लासला. तुझ्या बाबांकडची मंडळी बघायला आली होती ना."

गुळांबा
अगं बाई! आणि त्यांनी विचारलं असेल मुलीला भरतकाम येतं का

उसवलेली
विचारलं. सगळे टाके येतात म्हणाली.

फोडणीवाली
🤣🤣🤣 अकरा येतात म्हणायचं ना

उसवलेली
@मायेची_ऊब, तुझा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. म्हणते ते वरून-खालूनचं परत एकदा सांग म्हणावं तिला, हळूहळू, मी चष्मा आणते.