संरक्षण बजेट: पेन्शनचा बोजा खरा, की नुसती सबब?

सातारी_कंदील:
२०२५-२६ च्या बजेटात संरक्षणाला ६.८१ लाख कोटी. त्यातले १.६१ लाख कोटी पेन्शनचे आणि नवी शस्त्रं, विमानं, जहाजं, बांधकामं अशा भांडवली खर्चाला १.८० लाख कोटी. पेन्शन आटोक्यात आणायला २०२२ मध्ये चार वर्षांच्या सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली, हे आता लपून राहिलेलं नाही. 'तरुण सेना' वगैरे सरकारी कारणं ठीक आहेत हो. आमच्याकडे पहाटे पोरं डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत काढायला जीव तोडून धावतात. चार वर्षांनी त्यातली फार तर २५ टक्के राहणार. बाकीच्यांच्या हातात ११.७१ लाखांचा सेवानिधी, त्यातही निम्मी मुद्दल त्यांच्याच पगारातून कापलेली. तिजोरीची ओढाताण जवानाच्या माथी का?

हिशेबनीस:
कारण ती कुणाच्या तरी माथी जाणारच. केंद्राच्या खर्चात दर चार रुपयांतला एक व्याजात जातो. जवान चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होतो, पुढे जन्मभर पेन्शन. ओआरओपी (समान हुद्द्याला समान पेन्शन) द्यायलाच हवी होती, पण बोजा कायमचा वाढला. पैसा नसला की काय होतं ते माउंटन स्ट्राइक कोअरमध्ये (डोंगराळ भागात चढाईसाठीची सेना) पाहा. २०१३ मध्ये चीन सीमेसाठी मंजूर झाली, पानागढची डिव्हिजन उभी राहिली, पठाणकोटची रखडली. आणि २०२० मध्ये गलवानला चिनी सैन्याशी झटापट झाली.

ओझरचा_वारा:
दोघंही पैशावर अडलात. २०२४-२५ मध्ये भांडवली खर्चाला १.७२ लाख कोटी दिले होते, सुधारित अंदाजात ते १.६० लाख कोटींच्या खाली आले. म्हणजे दिलेलेच खर्च होईनात! ८३ तेजस मार्क-१ए या देशी लढाऊ विमानांचा करार २०२१ चा. पहिलं विमान मार्च २०२४ पर्यंत यायचं होतं, अमेरिकेहून इंजिनंच वेळेत आली नाहीत. इकडे सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाली आणि हवाई दलाच्या मंजूर ४२ स्क्वाड्रनपैकी (लढाऊ विमानांच्या तुकड्या) २९ उरल्या. यात पेन्शनरांचा काय दोष?

सातारी_कंदील:
हेच म्हणतोय! हजारो कोटी न वापरता परत जातात आणि काटकसर शिपायापासून सुरू.

हिशेबनीस:
गल्लत होतेय. परत गेलेला पैसा त्या वर्षापुरता, पेन्शन दरवर्षीची. मार्चअखेर उरलेले पैसे पेन्शनला वळवून पुढच्या वर्षी काय करणार? त्यासाठी १५व्या वित्त आयोगाने वर्षअखेर न बुडणारा आधुनिकीकरण निधी सुचवला होता, २०२१-२६ साठी २.३८ लाख कोटींचा. तो उभा राहिला असता तर तेजसचे अडकलेले पैसे तेजसलाच राहिले असते. भांडायचं तर त्यावर भांडा.

ओझरचा_वारा:
निधीवर सहमत. पण इंजिन निधीतून उगवत नाही साहेब, ते देशात बनवायच्या प्रयत्नात दशकं गेली.

सातारी_कंदील:
तुमचा निधी होईल तेव्हा होईल. २०२६ संपताना अग्निवीरांची पहिली बॅच घरी यायला लागेल. २५ चे निदान ५० टक्के करा, एवढं तरी मान्य आहे का?

हिशेबनीस:
५० मान्य. पण मग त्यांच्या पेन्शनची तरतूद आजच बाजूला काढा, नाहीतर वीस वर्षांनी हाच वाद पुन्हा.