मदत हवी आहे: घरात लावलेली वांग्याची रोपं कोलमडताहेत

नमस्कार मंडळी,

आम्ही शिकागोजवळ राहतो. इथे मेच्या मध्यापर्यंत दंवाची भीती असते, म्हणून मिरची, वांगी आणि टोमॅटोचं बी 8 मार्चला घरातच ट्रेमध्ये पेरलं. टोमॅटो सहाव्या दिवशी वर आले. मिरचीला ऊब लागते म्हणून खाली हीट मॅट ठेवली, साधारण 27 अंशांवर, तरी तिने अठरा दिवस घेतले.

आता खरी काळजी वांग्यांची आहे. काल सकाळी चार रोपं मातीलगत दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी पडलेली दिसली. मातीवर पांढरी बुरशीही आहे. उगवण झाल्यावर ट्रेचं झाकण काढायला हवं होतं, ते मी आठवडाभर तसंच ठेवलं. आता काढलंय, पाणी खालून देतेय, छोटा पंखाही लावलाय. उरलेली नऊ रोपं नव्या मातीत हलवू, की हात न लावता तशीच राहू देऊ? भरताच्या वांग्याचं हे बी फार शोधून मिळालंय, थोडंच शिल्लक आहे. आज पुन्हा पेरलं तर इथल्या उन्हाळ्यात फळ धरेल का?

टोमॅटो दक्षिणेच्या खिडकीत असूनही लांबुळके झालेत. एलईडी दिवा आणलाय. तो शेंड्यापासून किती उंचीवर आणि रोज किती तास लावता?

मेथी, कोथिंबीर थेट वाफ्यातच पेरणार आहे. शेपूचं रोप हलवलेलं कुणाचं जगलंय का? थंड प्रदेशात बाग करणाऱ्यांनी कृपया सांगा.