मदत हवी आहे: लोहखनिजातला फॉस्फरस मायक्रोवेव्ह आणि अल्ट्रासॉनिकने कमी करणे

नांदेडला एम.टेक.च्या प्रकल्पासाठी कोकणातून आणलेल्या तपकिरी, गोएथाइटयुक्त (गोएथाइट म्हणजे पाणी धरून असलेलं लोह ऑक्साइड) लोहखनिजावर काम करतोय. सिलिका आणि माती बऱ्यापैकी निघते, अडलंय ते फॉस्फरसपाशी.

आतापर्यंत केलेलं: दळून १५० मायक्रॉनखाली चाळलं, अॅल्युमिनाच्या मुशीत घालून घरगुती मायक्रोवेव्हमध्ये (२.४५ गिगाहर्ट्‌झ, ८०० वॅट) तापवलं, थंड झाल्यावर ४० किलोहर्ट्‌झच्या अल्ट्रासॉनिक बाथमध्ये (ध्वनिलहरींनी धुण्याच्या टाकीत) साध्या पाण्यात धुतलं. पाणी गढूळ होतं, म्हणजे कणांवरची चिकणमाती सुटते. फॉस्फरस मात्र जवळपास तेवढाच राहतो (मॉलिब्डेनम ब्लू पद्धतीने, म्हणजे फॉस्फेटमुळे येणाऱ्या निळ्या रंगावरून मोजतोय).

माझा अंदाज असा: फॉस्फरस वेगळ्या अॅपेटाइट (कॅल्शियम फॉस्फेटचं खनिज) कणांत असता, तर लोहखनिज जास्त आणि अॅपेटाइट कमी तापून सीमेवर तडे गेले असते आणि तो मोकळा झाला असता. पण तो गोएथाइटच्या आतच बसलेला असेल, तर नुसत्या तड्यांनी काय होणार? आधी साधारण ३०० अंशांच्या वर नेऊन गोएथाइटचं हेमाटाइट (पाणी निघून गेलेलं लोह ऑक्साइड) करायचं आणि मग सौम्य आम्लाने फॉस्फरस काढायचा, हा मार्ग दिसतो.

अडचणी: प्रोब सोनिकेटर (थेट द्रवात बुडवायचं अल्ट्रासॉनिक यंत्र) नाही, एक्सआरडी (क्ष-किरणांनी खनिजं ओळखण्याची चाचणी) बाहेरून करावं लागतं, त्यामुळे मोजकेच नमुने पाठवता येतील. तापमान बाहेर काढल्यावर इन्फ्रारेड गनने घेतो, आतलं कळत नाही. सल्फ्युरिक आम्ल आणि फ्यूम हूड आहे.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगावं: आम्ल-प्रक्रिया बाथ चालू असतानाच करावी की नंतर वेगळी, आणि लोह फारसं न विरघळता फॉस्फरस निघावा म्हणून आम्ल किती तीव्रतेचं घ्यावं?