मदत हवी आहे: महामार्गाजवळचं परमिट रूमचं हॉटेल विकत घेताना

सीनाकाठ: पुणे-सोलापूर महामार्गाजवळ, ग्रामपंचायत हद्दीतलं चालू हॉटेल घ्यायचं आहे. एफएल-3 परवान्याचं (परमिट रूमचा मद्यविक्री परवाना) यंदाचं नूतनीकरण झालंय. गाव 20 हजारांच्या आतलं, महामार्गापासून अंतर अंदाजे 300 मीटर. मालक म्हणतात, "खरेदीखत झालं की परवाना तुमचाच." इसार देण्याआधी काय पाहू?

नोंदवही: इसार थांबवा. खरेदीखताने जागा तुमची होईल, परवाना त्यांच्याच नावावर राहील. नावबदलासाठी राज्य उत्पादन शुल्कच्या जिल्हा अधीक्षक कार्यालयात अर्ज आणि शुल्क भरावं लागतं. आदेश हातात येण्याआधी तुम्ही गल्ल्यावर बसलात, तर महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या कलम 54 खाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. "आधी भागीदार व्हा, मग मी बाहेर पडतो" यालाही प्रत्येक टप्प्यावर मंजुरी लागते, नुसता नोटरीचा करार चालत नाही. म्हणून करारात स्पष्ट लिहून घ्या: मोठी रक्कम नावबदलाच्या आदेशानंतर, आदेश नाकारला तर इसार परत. यात भीड नको.

फक्त चालवायलाच घ्यायचं असेल, तर जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने एफएल-3 साठी चालवण्याच्या कराराला मान्यता दिली आहे. त्यासाठी वार्षिक शुल्कावर 10 टक्के जादा.

मोजपट्टी: अंदाजावर जाऊ नका, अंतर मोजून घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 15 डिसेंबर 2016 च्या निकालात महामार्गापासून मद्यविक्रीचं किमान अंतर 500 मीटर होतं. 31 मार्च 2017 ला 20 हजारांपर्यंत लोकसंख्येच्या हद्दीसाठी ते 220 झालं. मोजणी महामार्गाच्या किंवा सर्व्हिस रोडच्या बाहेरच्या कडेपासून. रुंदीकरण मंजूर असेल तर कड सरकते, तुमचे 300 त्यात कमी होतील. भूसंपादनाचा नकाशा बघाच. त्याच निकालात महामार्गावरून दुकान दिसू नये, थेट वाटही नसावी असं आहे. फाटक कुठे उघडतं?

सीनाकाठ: फाटक सर्व्हिस रोडवर. जुन्या थकबाकीचं काय?

नोंदवही: मग फाटकाचा प्रश्न आधी अधीक्षक कार्यालयातून लेखी सोडवून घ्या, नाहीतर पुढच्या नूतनीकरणाला तोच अडेल. थकबाकीसाठी व्हॅटची विवरणपत्रं मागा. परमिट रूमच्या मद्यावरचा व्हॅट 1 नोव्हेंबर 2023 पासून 5 चा 10 टक्के झाला, त्यानंतरचा फरक भरलाय का ते पाहा. जेवणावरचा जीएसटी वेगळा, तीही विवरणपत्रं घ्या. शेवटी ब्रँडनिहाय नोंदवही कपाटातल्या बाटल्यांशी जुळवा. तफावत दिसली, तर ती मिटेपर्यंत सही करू नका.