राज्याच्या एकदिवसीय संघाची निवड चाचणी कुठे द्यायची? तातडीने मदत हवी

लेगीचा_बाबा:
मुलगा अकरावीत आहे, लेगस्पिन टाकतो. शालेय स्पर्धेत विभागापर्यंत खेळला. आता राज्याच्या १९ वर्षांखालील एकदिवसीय संघासाठी चाचणी द्यायची आहे. फॉर्म कुठे मिळतो, तारीख कधी असते? तीन दिवस झाले, जो तो दुसऱ्याचाच नंबर देतोय. कुणीतरी नीट सांगा.

प्राची_ठाणे:
जिल्हा कोणता?

लेगीचा_बाबा:
महाराष्ट्रातलाच. जिल्ह्याने काय फरक पडतो?

प्राची_ठाणे:
सगळा फरक तिथेच पडतो, दादा. शालेय राष्ट्रीय स्पर्धेला महाराष्ट्राचा संघ एकच. बीसीसीआयच्या स्पर्धांत मात्र आपल्या राज्यातून तीन उतरतात: मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ. ठाणे-पालघर मुंबईकडे, विदर्भाचे ११ जिल्हे नागपूरच्या विदर्भ संघटनेकडे, बाकीचे पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेकडे. तुम्ही म्हणता ती स्पर्धा म्हणजे विनू मांकड करंडक. तिन्ही संघांची निवड वेगवेगळी होते.

गहुंजे_स्टँड:
सरळ पुण्याला पाठवा. २०२३ ला महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हापासून गावाकडच्या पोरांकडे लक्ष जातंय. अर्शिन कुलकर्णी सोलापूरचा, राजवर्धन हंगर्गेकर तुळजापूरचा. आणि ऋतुराज गायकवाडने विजय हजारे करंडकात (मोठ्यांची राज्यांमधली एकदिवसीय स्पर्धा) एका षटकात सात सिक्स मारले, ते महाराष्ट्राकडूनच!

जामठा_एंड:
१६ जानेवारी २०२५ विसरलात का? विजय हजारेची उपांत्य फेरी, वडोदरा. विदर्भ ३ बाद ३८०, महाराष्ट्र ६९ धावांनी हरला. यवतमाळ, अमरावतीच्या पोरांना वेगळा संघ आहे म्हणूनच दार उघडं आहे. एकच संघ असता तर पुण्या-मुंबईपुढे त्यांना कोण विचारणार होतं?

गहुंजे_स्टँड:
त्या सामन्यात विदर्भाकडे करुण नायर आणि ध्रुव शोरी होते. दोघेही बाहेरून आलेले.

जामठा_एंड:
आणि यश राठोडचं शतक? जितेश शर्मा अमरावतीचाच ना?

सांगलीकर:
ज्यांच्या नावाने करंडक आहे ते विजय हजारे आमच्या सांगलीचे. महाराष्ट्राकडून खेळले, नंतर बडोद्याकडून. २०२२ ला अंतिम सामन्यात ऋतुराजने शतक ठोकलं तरी सौराष्ट्राने तो करंडक नेला. अजून टोचतं.

काळजीवाहू_आई:
हाडांच्या वयाची चाचणी आधी करून घ्या. आमच्या भाच्याला तिथेच थांबवलं होतं.

प्राची_ठाणे:
ताई, ती १६ वर्षांखालील मुलांसाठी. हा अकरावीत आहे. लेगीचा_बाबा, जिल्हा अजून सांगितला नाहीत.

लेगीचा_बाबा:
घर मलकापूर, आधार कार्ड तिथलंच. शाळा-कॉलेज पहिल्यापासून भुसावळला, रोज रेल्वेने जातो. विभागीय सामना नाशिक विभागाकडून खेळला, म्हणून मी महाराष्ट्र धरून चाललो होतो.

जामठा_एंड:
अहो, मलकापूर म्हणजे बुलढाणा जिल्हा, म्हणजे विदर्भ! पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं होतं.

प्राची_ठाणे:
थांबा, इतकं सरळ नाही. घर विदर्भात, शिक्षण जळगाव जिल्ह्यात. शालेय खेळाचे विभाग सरकारचे, क्रिकेटच्या हद्दी संघटनांच्या. दोन्हींचा मेळ बसत नाही आणि सीमेवरची मुलं नेमकी इथेच अडकतात. रहिवास आणि शाळा या दोन्हींची कागदपत्रं घेऊन आधी बुलढाणा जिल्हा संघटनेकडे जा, या हंगामाचा नियम लेखी मागा. दोन्हीकडे नाव नोंदवू नका, नंतर तेच अंगाशी येतं. चाचणीची तारीखही तिथेच कळेल.

रबरी_ते_लेदर:
कागद होतील. तो बॉलिंग कुठे करतो?

लेगीचा_बाबा:
शाळेच्या मैदानावर, मॅटवर. सुट्टीत टेनिस बॉलच्या स्पर्धा.

रबरी_ते_लेदर:
तिथे काळजी घ्या. मी २२ वर्षं पोरांना शिकवतोय. टेनिस बॉलवर मार बसू नये म्हणून लेगी हळूहळू जोरात आणि सपाट टाकायला लागतो, मनगट कडक होतं. मॅटवर तरीही चेंडू वळतो, टर्फवर (मातीच्या खऱ्या खेळपट्टीवर) तोच सरळ बॅटवर जातो. चाचणीला एका पोराला जेमतेम दोन-तीन षटकं मिळतात. रोज सकाळी लेदरचे ६० चेंडू, स्टंप एकच, वरून सोडायला लावा. बोटाची कातडी निघाली की दोन दिवस विश्रांती. उमेश यादवही टेनिस बॉलवरूनच आला, पण तो फास्ट बॉलर. लेगीचं गणित वेगळं.

गहुंजे_स्टँड:
हे मात्र शंभर टक्के बरोबर. जळगावकडून जमलं तर पुण्याचाही विचार ठेवा.

लेगीचा_बाबा:
सर्वांचे मनापासून आभार. सोमवारी रजा टाकून बुलढाण्याला जातोय, बोनाफाईड भुसावळहून शनिवारीच आणतो. एकच विचारायचं राहिलं: सरावाला लाल चेंडू घेऊ की पांढरा?

रबरी_ते_लेदर:
एकदिवसीयसाठी चाचणी आहे, पांढराच घ्या. हातात वेगळा बसतो. आजच आणा.