मदत हवी आहे: जुन्या गाडीच्या हेडलाइटचा उजेड घरच्या घरी कसा वाढवावा?

नमस्कार मंडळी,

आमची गाडी २०१२ची पेट्रोल हॅचबॅक आहे. इंजिन, क्लच, ब्रेक सगळं ठणठणीत. अडचण आहे ती फक्त हेडलाइटची. कोल्हापूर ते देवरुख हा आमचा नेहमीचा रस्ता, सासर तिकडे आहे. शाळा सुटल्यावर निघालं की मलकापूरच्या पुढे अंधार होतोच आणि आंबा घाट रात्री उतरावा लागतो. पावसाळ्यात तिथे धुकं एवढं दाटतं की रस्त्याकडेचा पांढरा पट्टा धरूनच गाडी चालवायची. तो पट्टाच आता आमच्या दिव्यांत धड दिसत नाही. ओल्या डांबरावर तर उजेड पडल्यासारखा वाटतच नाही. मागे मुलं झोपलेली असतात. वळणावर गुरं बसलेली असली तर ती मला वेळेत दिसली पाहिजेत.

आतापर्यंत काय तपासलं ते लिहिते, म्हणजे सांगणाऱ्याला सोपं जाईल. बल्ब एच-४ हॅलोजन, ६०/५५ वॉटचे (लांबचा उजेड म्हणजे अप्पर ६०, जवळचा म्हणजे डिपर ५५), गाडीबरोबर येतात तसेच. दोन्ही नवीन टाकले, पण म्हणावा तसा फरक पडला नाही. दिव्याची काच म्हणजे खरं तर पॉलिकार्बोनेटचं प्लास्टिक, ते बाहेरून पिवळट झालंय. वरच्या अर्ध्या भागावर ऊन जास्त लागतं, तिथे जास्तच. बोट फिरवलं की खरखरीत लागतं. उजव्या दिव्याच्या कपलरचं (बल्बच्या पिनांवर बसणाऱ्या वायरच्या सॉकेटचं) प्लास्टिक एका पिनेपाशी तपकिरी पडलंय, म्हणजे तिथे तापत असणार. मग मल्टिमीटर घेऊन बसले. इंजिन चालू, डिपर लावलेला: बॅटरीवर १४.१ व्होल्ट, डाव्या बल्बच्या पिनांवर १२.७ आणि उजव्याच्या पिनांवर १२.३. अल्टरनेटर चांगला आहे, पण बल्बपर्यंत पोचेपर्यंत दीड-दोन व्होल्ट वाटेतच जातायत, असा मी अर्थ लावला.

उद्यमनगरात दुकानांत विचारलं तर दोनच उपाय सांगतात. एक, १००/९० वॉटचे बल्ब टाका. दुसरा, एलईडी टाका, ‘एकदम पांढरा उजेड’. दोन्ही मला पटत नाहीत. ज्या कपलरला ५५ वॉटनेच चटका बसलाय त्याच्यावर ९० वॉटचा भार कसा टाकायचा? आणि एलईडीचं म्हणाल तर एच-४ बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते. ती वाटी आणि मागचा रिफ्लेक्टर मिळून उजेडाची वरची रेघ आखतात. त्या रिफ्लेक्टरमध्ये तारेच्या जागी एलईडीच्या पट्ट्या बसवल्या की उजेड नेमका त्याच जागेहून निघत नाही, रेघ फिसकटते आणि उजेड वर उडतो. धुक्यात तोच उलटून आपल्या डोळ्यांवर येतो. समोरून घाट चढणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर जातो तो वेगळाच. त्याची काळजी मला माझ्याइतकीच आहे, कारण दरीकडची बाजू कधी त्याची असते, कधी माझी. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि पंधरा वर्षं भरली की आमची गाडी पुन्हा पासिंगला न्यायची आहे.

तर मूळ बल्ब ठेवूनच त्यांच्याकडून पूर्ण उजेड कसा काढायचा, हे मला हवंय. आधी काच घासू की वायरिंगला हात घालू? बाजारात तयार रिले किट मिळतं (रिले म्हणजे जुन्या स्विचच्या इशाऱ्यावर बॅटरीतून बल्बला थेट वीज सोडणारा स्विच), ते घरी बसवता येतं का? पाना, पक्कड, सोल्डरिंग इस्त्री चालवायची सवय आहे. आणि शेवटी दिव्यांचा फोकस कसा लावायचा? आमच्या पार्किंगमध्ये भिंतीसमोर जेमतेम पाच मीटर जागा मिळते.

—

प्रतिसाद (सांगली):

ताई, मोजमाप करून विचारलंत, बरं झालं. मी गाड्यांचं वायरिंगच करतो. हॅलोजन बल्बला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं की उजेड जवळपास ३० टक्क्यांनी उतरतो. तुमच्या उजव्या बाजूला बॅटरीच्या मानाने १२-१३ टक्के कमी पोचतंय. तेव्हा नवीन बल्बने फरक पडला नाही यात नवल नाही.

पण रिले किट घ्यायच्या आधी गळती कुठल्या बाजूला आहे ते शोधा. बल्ब जोडलेलाच ठेवा, डिपर चालू, इंजिन चालू. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं कपलरच्या मागून बल्बच्या कॉमन (अप्पर-डिपर दोघांच्या सामाईक) पिनेला लावा. तिथे ०.१-०.२ व्होल्टच्या वर काही दिसलं तर अर्थिंग (बल्बपासून बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परतणारी जोडणी) खराब आहे. मग बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून डिपरच्या पिनेपर्यंत तसंच मोजा. दोन्हींची बेरीज तुमच्या १.८च्या आसपास यायला हवी. जुन्या गाड्यांत बरेचदा निम्मी गळती अर्थिंगलाच निघते. बॉडीला जिथे थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) बोल्टने आवळलेलं असतं तिथे गंज धरतो, कोकणात जाणाऱ्या गाडीला तर हमखास. बोल्ट खोला, पत्रा चमकेपर्यंत काचकागदाने घासा, नवीन थिंबल लावून आवळा आणि वरून ग्रीस लावा. खर्च नाहीच म्हणा.

त्यानंतरही कमी पडलं तर रिले. मात्र एक गोष्ट आधी बघा, नाहीतर किट बसवूनही दिवे लागायचे नाहीत. काही गाड्यांत कॉमन पिनेवर अर्थ नसून पॉझिटिव्ह असतं आणि स्विच अर्थ तोडतो. ओळखायचं असं: कपलर बल्बवरून काढा, काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, डिपर चालू करून १२ व्होल्ट कुठल्या पिनेवर येतात ते बघा. आता अप्पर करा. व्होल्ट दुसऱ्या पिनेवर गेले तर वायरिंग सरळ, बाजारातलं किट चालेल. त्याच पिनेवर राहिले तर तुमची गाडी उलट्या वायरिंगची. तिला त्याच पद्धतीचं किट मागून घ्या.

रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला बॅटरीतून थेट वायर, ८७ वरून बल्बला, ८५-८६ ला जुन्या कपलरचा सिग्नल. अप्परचा रिले वेगळा, डिपरचा वेगळा. वायर २.५ स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची घ्या. फ्यूज १५ अँपिअरचा, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. लांब ठेवला आणि मधली वायर कुठे पत्र्याला घासली, तर फ्यूज न उडता वायर पेटते. कपलर तपकिरी झालाय तो बदलाच, सिरॅमिकचा होल्डर मिळतो. आणि काम सुरू करताना बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायला विसरू नका.

—

प्रतिसाद (रत्नागिरी):

काचेबद्दल. आधी दिवे बंद असताना टॉर्च मारून आत बघा. रिफ्लेक्टरची चांदी काळवंडली असेल किंवा पिवळेपणा आतल्या बाजूने असेल तर घासण्यात अर्थ नाही, अख्खा दिवाच बदलावा लागतो. बाहेरून असेल तर भोवतीच्या रंगाला मास्किंग टेप लावून वॉटर पेपरने घासा. आधी १०००, मग १५००, मग २०००, पाणी सतत सोडत. पहिल्या नंबरला काच पांढरी धुरकट होईल, तिथे घाबरून थांबू नका. जुना थर पूर्ण निघाला पाहिजे. टूथपेस्टने चमक येते पण टिकत नाही, कारण उन्हापासून वाचवणारा मूळ थर गेलेला असतो. म्हणून शेवटी अतिनील किरण रोखणारा क्लिअर कोट मारावाच लागतो. तो मारताना हवा कोरडी हवी, तेव्हा पावसाच्या आधीच करून घ्या.

फोकससाठी पाच मीटर पुरतात. टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हरच्या सीटवर कुणीतरी बसलेलं, डॅशबोर्डवरचं लेव्हलचं चाक शून्यावर. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खुणा, तिच्याखाली ५ सेंटिमीटरवर दुसरी रेघ मारा. डिपरच्या उजेडाची सपाट कड त्या खालच्या रेघेवर आणा. डावीकडे ती वर चढते ती तशीच असते, तिला खाली ओढू नका.

—

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. अर्थिंग मोजलं. उजव्या बाजूला ०.९ व्होल्ट तिथेच जात होते, बॅटरीखालच्या ट्रेपाशी बोल्ट पार गंजलेला निघाला. घासून नवीन थिंबल लावलं, आता बल्बवर १३.१ मिळतायत. उरलेली गळती पॉझिटिव्ह बाजूची आहे, म्हणजे रिले लावायचेच. अप्पर केल्यावर व्होल्ट दुसऱ्या पिनेवर जातात, तेव्हा वायरिंग सरळ आहे. रिफ्लेक्टरची चांदीही शाबूत आहे, काच या रविवारी घासायला घेते.

सांगलीच्या दादांना एकच विचारायचं राहिलं: रिले कुठे बसवावेत? बॅटरीशेजारी जागा आहे, पण घाटात पाणी साचलेल्या रस्त्यावरून गेलं की तिथवर शिंतोडे येतात. फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याजवळ) कोरडं असतं, पण तिथे नेलं तर वायर लांबते. पिना खाली तोंड करून बॅटरीजवळच बसवले तर चालतील का?