मदत हवी आहे : बाबा पडले, तरी घरात माणूस ठेवू देत नाहीत

मिरजवाली :
बाबा मागच्या आठवड्यात बाथरूममध्ये पडले. हाड मोडलं नाही, पण पायात जोर नाही. वॉकर आणला, तर त्यावर पंचा वाळत घालतात. नर्सिंग ब्युरोची बाई लावली, ती दुसऱ्याच दिवशी "मला काही झालेलं नाही" म्हणून परत पाठवली. आईच्याने होत नाही. मला सारखी रजा मिळत नाही. काय करू? प्लीज लवकर सांगा.

कृष्णाकाठ :
वय किती? घरी कोण कोण असतं? दिवसा पडले की रात्री? औषधं कुठली चालू आहेत?

सई_क :
ते नंतर. आधी कमोडजवळ आणि नळाजवळ आधाराचे दांडे बसवा. टॉवेलची दांडी चालत नाही, वजनाने उखडते. आणि आतली कडी काढून टाका. माझे सासरे दाराला टेकूनच पडले होते, दार आत उघडणारं. शेवटी झडपेतून शेजारच्या मुलाला आत सोडावं लागलं.

भाऊराव :
चोवीस तासांचा माणूस ठेवा. आम्ही आईसाठी ठेवला. पैसे जातात, पण रात्री झोप लागते.

सई_क :
भाऊराव, त्यांना माणूसच नकोय, हाच तर प्रश्न आहे ना?

मिरजवाली :
वय ७९. दोघंच असतात, मी पुण्यात. पहाटे लघवीला उठले तेव्हा पडले. बीपीची गोळी जुनी आहे, प्रोस्टेटची नुकतीच सुरू झाली. पण त्याचा काय संबंध? मला त्यांना पटवायचं कसं ते सांगा.

कृष्णाकाठ :
संबंध आहे. टॅमसुलोसिनसारख्या प्रोस्टेटच्या गोळ्यांनी उठल्यावर बीपी एकदम उतरू शकतं. डॉक्टरांना आडवं असताना, मग उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी बीपी मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर गोळ्या बदलाव्या लागतील. मनाने बंद मात्र करू नका. तोवर रात्री युरिन पॉट पलंगाशी ठेवा, आणि उठताना आधी काठावर थोडं बसू दे.

नाना_ठाणे :
आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंत का? ७० च्या पुढे सगळ्यांना, वर्षाला ५ लाखांपर्यंत हॉस्पिटलचे उपचार मोफत. हयातीचा दाखलाही आता मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, बँकेत जायला नको.

मिरजवाली :
कार्ड आहे, काका. बाबांच्या हट्टाचं काय?

वैशाली_स :
बाई आंघोळ घालायला आली होती का? आमचे अण्णा जन्मात कुणासमोर उघडे बसले नाहीत, त्यांना परक्या बाईसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोलले नाहीत, नुसते चिडायचे. पुरुष माणूस आणला आणि तोही अण्णांनी स्वतः बोलून ठरवला, तेव्हा जमलं.

भाऊराव :
म्हाताऱ्यांना विचारत बसलं तर काहीच होत नाही. सरळ आईच्या मदतीला म्हणून बाई ठेवा.

वैशाली_स :
एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला फसवून कशाला? कळतं त्यांना. मग आईवर राग काढतात.

मिरजवाली :
हो, आंघोळीलाच होती ती. हे डोक्यातच आलं नाही. पण ब्युरोवाले बायकाच पाठवतात. पुरुष कुठे मिळेल?

कृष्णाकाठ :
मिरजेत एवढी हॉस्पिटलं आहेत. वॉर्डबॉयना विचारा. ड्युटी सुटल्यावर सकाळी तासभर आंघोळीपुरते येणारे असतात. पण बीपी आधी, उद्याच.